‘कट’ नक्की कुठे आणि कसा वापरायचा?

प्रश्न: नमस्कार ताई, मी घरच्या घरी इंग्लिश शिकतेय. ‘कट’चं भूतकाळात ‘कटेड’ का होत नाही? आणि पार्लरमधून आल्यावर मी ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर मुलगी म्हणते चुकलं. का बरं? फोन कट केला हे तरी बरोबर आहे ना?

उत्तर: पुट, हिट, शट यांच्यासारखंच कट हे क्रियापद तिन्ही रूपांत तसंच राहतं, कट-कट-कट, फक्त ‘कटिंग’ लिहिताना टी दोनदा येतो. मग काळ कसा ओळखायचा? ‘ही कट द पेपर’ म्हणजे त्याने कापला, कारण वर्तमानकाळ असता तर ‘कट्स’ आलं असतं, पण ‘आय कट’ किंवा ‘दे कट’ असेल तर काल, रोज असा एखादा शब्द किंवा मागचापुढचा संदर्भ बघावाच लागतो.

आता केसांचं. आपण मराठीत सरळ ‘मी केस कापले’ म्हणतो, कात्री कोणाच्या हातात होती ते ऐकणाऱ्याला कळतंच. इंग्लिशमध्ये ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की बहुतेकांना वाटतं तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. दुसऱ्याकडून कापून घेतले तर ‘आय हॅड माय हेअर कट’ किंवा ‘आय गॉट माय हेअर कट’, म्हणजे मुलीचं बरोबर आहे. आणि गंमत बघा, बोटाच्या बाबतीत नेमकं उलटं होतं, आपण म्हणतो ‘माझं बोट कापलं’, जसं काही ते आपोआप झालं, पण तिथे इंग्लिशमध्ये ‘आय कट माय फिंगर’ असंच म्हणतात, मुद्दाम कापलेलं नसलं तरी! ‘माय फिंगर कट’ म्हणू नका, ते खरंच चूक आहे. मला वाटतं या दोन वाक्यांवर आधी हात बसवा, कारण रोजच्या बोलण्यात हीच जास्त लागतात.

आपण भाजी चिरतो, झाड तोडतो, नखं काढतो, तिकडे या सगळ्याला कट चालतं. झाड तोडून पाडलं तर ‘कट डाउन’, पण ‘कट डाउन ऑन शुगर’ म्हणजे साखर कमी करणं, त्या एका ‘ऑन’मुळे अर्थच बदलला. कोणी मध्येच तोंड घातलं तर ‘कट इन’, आणि ‘कट इट आउट’ म्हणजे बास कर आता, हे जरा रागाने म्हणतात त्यामुळे मोठ्या माणसांशी बोलताना टाळा. पगारकपात म्हणजे ‘पे कट’, वीज गेली तर ‘पॉवर कट’, हे तर तुम्हाला माहीत असेलच.

फोनचं म्हणाल तर ‘कट द कॉल’ आपल्याकडे सगळे बोलतात आणि आपल्यात ते चालतंच, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना आपण फोन ठेवला तर ‘आय हंग अप’ म्हणा, आणि बोलता बोलता लाइनच तुटली, दोघांपैकी कोणीच ठेवला नाही, तर ‘वी गॉट कट ऑफ’.