गेटवरची रांगोळी आणि आतली सभा

शाळा उघडायच्या सुमारास या सदराकडे येणारे प्रश्न एरवी मुलांच्या रडण्याचे, डब्याचे, दप्तराच्या ओझ्याचे असतात. यंदा पालकांबद्दलचेच जास्त आले. त्यातले काही घेते.

मी मानखुर्दच्या महापालिका शाळेत पहिलीला शिकवते. प्रवेशोत्सव दणक्यात होतो: रांगोळी, फुगे, गुलाबाचं फूल, गोड खाऊ. पण पंधरा दिवसांनी पालकसभा ठेवली की चाळीस मुलांमागे जेमतेम सात-आठ आया येतात. बाकीच्यांना पर्वाच नाही का? – एक शिक्षिका, मानखुर्द

पर्वा नाही म्हणण्याआधी सभेची वेळ बघा. सकाळी अकरा. त्या वेळी तुमच्या वर्गातल्या कितीतरी आया चेंबूरच्या सोसायट्यांमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या घरची भांडी घासत असतात. बाप नाक्यावर कामाची वाट बघत उभा, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला. खाडा झाला तर पैसे कापले जातात, वर बोलणीही खावी लागतात. आणि सूचनेत काय लिहिलेलं असतं? ‘उपस्थित राहणे बंधनकारक आहे.’ असं बोलावणं पोलीस ठाण्यातूनही येतं.

एवढं करून जे येतात ते पहिलीच्या बाकावर गुडघे दुमडून बसतात. पाहुणे उशिरा येतात, हारतुरे होतात, भाषण होतं. मग आधार कार्ड, पासबुक, जन्मदाखला यांची यादी वाचली जाते. शेवटी ‘काही शंका?’ आणि चहा. आईला कळतं ते इतकंच, की झेरॉक्स किती काढायच्या.

माझं ऐकाल तर जूनमध्ये मोठी सभा घेऊच नका. शाळा सुटताना मुलांना न्यायला जे कोणी येतं, आई, आजी, शेजारीण, मोठी ताई, त्यांतल्या पाच-सहा जणांना रोज दहा मिनिटं थांबवा. दीड-दोन आठवड्यांत वर्ग पुरा होतो. आपलं सांगायच्या आधी त्यांना विचारा: घरी याला काय नावाने हाक मारता? कशाला घाबरतो? घरात कोणती भाषा बोलता? दुपारी कोणाजवळ असतो? उत्तरं त्यांच्यासमोरच वहीत लिहा. आपलं बोलणं बाई लिहून घेतायत हे पाहिलेली आई पुढच्या वेळी वाट वाकडी करून येते.

महापालिका ज्या २७ शालोपयोगी वस्तू मोफत देते, त्यांच्या वाटपाला गर्दी होतेच. त्या दिवशी नुसती सही घेऊन पाठवू नका. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या तयारीसाठी होणाऱ्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्याचं साहित्य शाळेत असेल तर ते मांडा. मूल वस्तूंचे गट कसे करतं, चित्र बघून काय बोलतं, हे आईला शेजारी बसून बघू द्या.

आणि पहिला फोन तक्रारीचा नको. ‘आज तिने सगळ्या वर्गाला पावसाचं गाणं म्हणून दाखवलं’, एवढं सांगायचं आणि ठेवून द्यायचा. शाळेचा नंबर दिसला की बाप घाबरून विचारतो, ‘काय केलं हिने?’ ही धास्ती जूनमध्येच गेली, तर गणपतीनंतर गैरहजेरीबद्दल बोलायला तुम्हाला तोंड राहतं.

आमची लोअर परळची चाळ पुनर्विकासाला गेली, आम्ही भाड्याने नालासोपाऱ्यात आलो. मुलगी चौथीत. इथली अनुदानित शाळा म्हणते, जुन्या शाळेचा दाखला आणा, मग बघू. जुन्या शाळेत रोज ‘उद्या या’.

‘मग बघू’ चालणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५: सहा ते चौदा वयाचं मूल सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत बदली मागू शकतं. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, लांबवताही येत नाही. दाखला रखडवणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे कलम लिहून लेखी अर्ज द्या, तो स्वीकारला नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. मुलगी मात्र आजपासून वर्गात बसू दे.

मुलगा इंग्रजी शाळेत. व्हॉट्सअॅप गटावर सगळं इंग्रजीत, बाकीच्या आया फाडफाड बोलतात. मी साताऱ्याची, मराठी शाळेतली. पालकसभेत तोंड उघडायची लाज वाटते.

माध्यम मुलाचं इंग्रजी आहे, तुमचं नाही. बाईंशी पहिलंच वाक्य मराठीत बोला. पहिल्या वाक्याची भाषा पुढे वर्षभर टिकते, असा माझा अनुभव आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे मराठीच्या बाई तिथे असणारच. अडलेली सूचना त्यांना विचारा. गटाबद्दल शिक्षकांनाही सांगते: सूचनांचा गट वेगळा ठेवा आणि त्यावर फक्त शाळेने लिहावं. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सहलीची तारीख दबून जाते.

नातू ज्युनिअर केजीत. गेटवर हंबरडा फोडतो. सूनबाई म्हणते, त्याचं लक्ष नसताना सटका. मला ते बरं वाटत नाही. – आजोबा, गिरगाव

आजोबा, तुमचंच बरोबर. लपून गेलात तर दुसऱ्या दिवशी तो तुमचा सदरा सोडणार नाही. ‘डबा खाऊन, गाणी म्हणून झालं की मी याच गेटवर’, एवढं सांगा, पापा घ्या आणि वळा. मग मागे बघायचं नाही. अवघड काय ते हेच! आणि सुटायच्या आधी पाच मिनिटं हजर राहा. पावसाळा आहे, घरून लवकर निघा.

आमच्या खासगी शाळेत पालक-शिक्षक संघावर दरवर्षी तीच ठरावीक मंडळी. नव्या पालकाने शिरायचं कसं?

संघाचे सभासद तुम्ही आहातच, प्रत्येक पालक असतो. तुम्ही म्हणता ती कार्यकारी समिती. शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत संघ स्थापन व्हायला हवा, आणि इच्छुक पालकांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून समिती निवडायची असते. फी ठरवताना शाळेला या समितीकडे यावं लागतं, म्हणून ही जागा मानाची नाही, कामाची आहे. तेव्हा महिना उलटायच्या आत इच्छुक म्हणून नाव लेखी द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.