माटोळी दिसली, आरतीचं पुस्तक दिसेना

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४६, फोंड्यात आमचं औषधांचं दुकान आहे. लहानपणापासून प्लस नंबर, दोन्ही डोळ्यांना २.७५. यंदा नंबर घालवायचं लेझर करून घेतलं, तिथं म्हणाले चष्मा आता विसरा. पहिले दहा-बारा दिवस मजाच होती, गोळ्यांच्या स्ट्रिपवरची एक्सपायरी बिनचष्म्याची वाचत होते, फक्त लांबचं धूसर, कदंबाची पाटी बस पुढ्यात आल्याशिवाय कळायची नाही. आता सात आठवडे झाले आणि सगळं उलटं झालंय. चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीतलं एकेक फळ स्पष्ट दिसलं पण हातातलं आरतीचं पुस्तक काही केल्या वाचता येईना, शेवटी जावेचा चष्मा मागून घेतला. नंबर परत आला का? पुन्हा करून घेऊ का?

उत्तर: ताई, तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला तरी ऑपरेशन फसलंय असं वाटत नाही. फसलंय ते तुम्हाला आधी समजावून सांगण्याचं काम.

मायनस नंबरवाल्यांच्या बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, मधला भाग लेझरने चपटा करतात, ते सोपं. प्लसवाल्यांना मधला भाग उंच हवा असतो आणि लेझर काही भर घालू शकत नाही, तो फक्त घासू शकतो, म्हणून कडेने गोल चर काढायची, म्हणजे मध्य आपोआप वर येतो. आता होतं काय की बुबुळावरची पातळ कातडी, साधारण ५० मायक्रॉनची, त्या चरीत हळूहळू जाड होत जाते, अंगणात खणलेली चर पावसात भरते ना तशी. त्यामुळे सुरुवातीला डोळा थोडा मायनसकडे झुकलेला असतो, जवळचं छान आणि लांबचं धूसर, आणि मग काही आठवड्यांनी तो जागेवर येतो. तुम्ही जी मजा म्हणता ते दहा-बारा दिवस तात्पुरतेच होते. प्लसचा निकाल दुसऱ्या दिवशी बघायचाच नसतो, तीन ते सहा महिने जाऊ द्यायचे.

मग आरतीचं पुस्तक का दिसेना? कारण तुम्ही ४६ च्या आहात! चाळिशीचा नंबर डोळ्याच्या आतल्या भिंगाचा, लेझर केलं बुबुळावर, त्या भिंगाला हातही लागलेला नाही. ऑपरेशनच्या आधी तुम्हाला वाचायला २.७५ आणि वर चाळिशीचे दीड, म्हणजे सव्वाचारच्या आसपास लागत असणार, आता दीडच्या साध्या चष्म्यावर भागेल आणि रस्त्यावर चष्मा लागणार नाही. माझ्या मते हा चांगला निकाल आहे, पण 'विसरा' म्हणणाऱ्यांनी कुठला चष्मा विसरायचा ते सांगायला हवं होतं.

आता एक शंका उरते. प्लस नंबर लपतो, डोळा आतून ताण देऊन तो झाकून टाकतो, त्यामुळे पाव-अर्धा नंबर मागे राहिला असेल तरी माटोळी स्पष्ट दिसू शकते. बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालून नंबर काढायला सांगा, तोच खरा. आणि पुन्हा लेझरची घाई अजिबात नको. एक डोळा मुद्दाम थोडा मायनस ठेवून वाचायची सोय करता येते, पण सगळ्यांना ते झेपत नाही, म्हणून आधी त्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स लावून आठवडाभर दुकान चालवून बघा, काउंटरवर डोकं गरगरलं तर विषयच संपला.

दुकान तुमचंच आहे म्हणून आणखी एक बोलतो, रागावू नका. धूसर वाटतंय म्हणून स्टेरॉइडचे ड्रॉप शेल्फवरून काढून आपल्या मनाने परत सुरू करू नका, डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि ते कळतही नाही. एसीत बसून डोळे चुरचुरत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे ड्रॉप पुरेत. आणि ऑपरेशनच्या आधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा, पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना त्या कागदांचा उपयोग होतो.

प्रश्न: वय २४, काणकोण. उजवा डोळा प्लस १, डावा प्लस ५.५ आणि तो लहानपणापासून आळशी आहे असं सांगितलंय, चष्मा लावूनही कमीच दिसतं. फुटबॉल खेळतो. डाव्याला लेझर केलं तर सुधारेल का?

उत्तर: नाही सुधारणार रे. लेझरने नंबर जातो, पण त्या डोळ्याने बघायला मेंदू लहानपणी शिकलाच नाही, ते लेझर कसं शिकवणार? आज चष्मा लावून डाव्याने जेवढं दिसतं साधारण तेवढंच नंतरही दिसेल. त्यात साडेपाच म्हणजे बुबुळ फार उंच करावं लागतं, मग नजरेची क्वालिटी बिघडते आणि नंबर परत येण्याची शक्यताही वाढते, बरेच सर्जन चारच्या पुढे नकोच म्हणतात. डाव्याला कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघ, दोन डोळ्यांतला फरक चष्म्यापेक्षा तिच्यात कमी जाणवतो. आणि मैदानावर पॉलिकार्बोनेटचा स्पोर्ट्स गॉगल घाल, पोरं हसली तर हसू देत, तुझा चांगला डोळा एकच आहे.