पथ्याने गाठ विरघळते का?

बाळा, तुझं वय २४. लातूरला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेस, सोनोग्राफीत ३ सेंटिमीटरचं फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाची गाठ, निघालंय. काकू म्हणतात पिशवी काढून मोकळी हो, आणि तू विचारतेस काय खाल्लं म्हणजे गाठ विरघळेल. माझी परिचारिकेची सगळी नोकरी मराठवाड्यातच झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

पिशवी काढायचा विषय आधी डोक्यातून काढ. ही गाठ कॅन्सरची नसते, गर्भाशयाच्या स्नायूत वाढते आणि पाळी गेल्यावर बहुतेकदा आकसते. अंडाशय ठेवले तरी पिशवी काढलेल्या बाईची पाळी जायचं वय अलीकडे येऊ शकतं. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती कमी वयात काढल्या गेल्या, हे तपासायला २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. तुझ्यापुढे तर तुझं सगळं आयुष्य आहे.

आता खाण्याचं. झालेली गाठ काढ्याने किंवा पथ्याने विरघळते, हे सिद्ध झालेलं नाही. त्यावर पैसे घालू नकोस. पण गाठ पोसली जाते ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या बाईच्या अंगातल्या हार्मोन्सवर, आणि अंगावरची चरबी स्वतः इस्ट्रोजेन बनवते. गाठीचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी आईला गाठ असणं, पाळी लवकर येणं आपल्या हातात नाही. वजन आणि रक्तदाब बऱ्याच अंशी आहे. रात्री जागताना फरसाण, खारी, बिस्किटं यावर भागवू नकोस. ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, करडईची भाजी, अंबाडी, एखादं फळ, एवढं रोज पोटात जाऊ दे. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्या बायकांत गाठी कमी आढळल्या आहेत, लाल मांस जास्त खाणाऱ्यांत जास्त. दूध बंद कर असं कुणी सांगेल, तर ऐकू नकोस. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात दूध-दही जास्त घेणाऱ्यांत उलट धोका कमी दिसला.

उन्हाचंही तसंच. आपल्याकडे ऊन रग्गड, पण स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून स्कूटीवर जायचं आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, तर अंगाला ते लागणार कधी? उन्हातून अंगात ड जीवनसत्त्व बनतं, आणि २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात ते पुरेसं असलेल्या बायकांत गाठीची शक्यता ३२ टक्क्यांनी कमी निघाली. तेवढ्यावरून मनाने गोळ्या सुरू करू नकोस, आधी रक्त तपासून घे.

मला खरी काळजी तुझ्या रक्ताची आहे. पाळीत खूप जातं असं लिहिलंस. आरशासमोर खालची पापणी ओढून बघ. आतून फिकट पांढरट दिसली तर हिमोग्लोबिन लगेच तपास. फिकट नसली तरी एकदा तपासच. १२ च्या खाली असेल तर नुसत्या पालेभाजीने भरून निघत नाही, डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळ.

डॉक्टरांना गाठ नेमकी कुठे आहे ते विचार. आतल्या अस्तराजवळची लहान गाठही खूप रक्त घालवते, बाहेरच्या बाजूची मोठी असूनही गप्प बसते. पुढची सोनोग्राफी कधी, तेही लिहून घे. पण दर तासाला पॅड भिजायला लागलं, चक्कर आली, लघवी अडली, तर परीक्षा असो नसो, त्याच दिवशी दवाखान्यात जा.