निकॉन डी७५० कॅमेरा, २४-१२० आणि ५० एमएम १.८डी या लेन्स एक्स्चेंजला देऊन हलका मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावा, की सगळं सुटं विकावं?

बॉडी एक्स्चेंजला द्या, लेन्स मात्र सुट्या विका. दुकानदाराला स्वतःचा नफा काढायचा असतो, त्यामुळे सगळं एकगठ्ठा दिलं की लेन्स मातीमोल जातात. मी जुनं सामान घेतो-विकतो, हे नेहमीचंच आहे. त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या:

- शटर काउंट (आजवर किती क्लिक झाले तो आकडा): डी७५०चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. तुमचा आकडा ताज्या फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) सापडेल.
- बुरशी: अंधारात लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लपवू नका, घेणाराही हेच करून बघतो.

नवा कॅमेरा निकॉन झेडच (निकॉनचा मिररलेस) असेल आणि एफटीझेड अडॅप्टरवर जुन्या लेन्स चालवायच्या असतील, तर गोष्ट थोडी वेगळी. २४-१२० एएफ-एस आहे, म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच आहे, ती नीट चालेल. ५० एमएम १.८डीमध्ये मोटरच नाही, त्यामुळे फोकस हाताने फिरवावा लागेल. शिवाय २४-१२०चंच वजन ७१० ग्रॅम, वर अडॅप्टर. पिशवी काही हलकी व्हायची नाही.