पात्र एकाचे, चित्रपट दुसऱ्याचा

प्रश्न : स्पायडरमॅन मार्व्हलचा आणि मार्व्हल डिस्नेच्या मालकीची, तरीही त्याचे चित्रपट सोनी काढते. मग मुलाच्या दप्तरावर छापलेल्या स्पायडरमॅनचे पैसे कोणाला मिळतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दप्तर अधिकृत असेल, तर त्याची रॉयल्टी डिस्नेकडे जाते. पात्राचे हक्क कॉमिक्स, चित्रपट, खेळणी, मनोरंजन उद्याने असे वेगवेगळे विकता किंवा भाड्याने देता येतात. सातबारा एकाच्या नावावर असतो, शेत दुसरा खंडाने कसतो आणि बांधावरच्या आंब्यांचा सौदा तिसऱ्याशीच झालेला असतो, तसाच हा व्यवहार आहे.

मार्व्हलने डिसेंबर 1996 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता. त्या पडत्या काळाच्या आसपास कंपनीने आपल्या अनेक पात्रांचे चित्रपट-हक्क निरनिराळ्या स्टुडिओंना दिले आणि स्पायडरमॅनचे हक्क 1999 मध्ये सोनीकडे गेले. डिस्नेने 2009 मध्ये सुमारे चार अब्ज डॉलर्सना मार्व्हल विकत घेतली, तेव्हा हे जुने करारही तिला जसेच्या तसे स्वीकारावे लागले. पुढे 2011 मध्ये दोन्ही कंपन्यांनी देवाणघेवाण केली : वस्तूविक्रीतील सोनीचा वाटा मार्व्हलने घेतला आणि चित्रपटांच्या उत्पन्नातील आपला वाटा सोडला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय होता, कारण चित्रपट काही आठवडे चालतो, पण दप्तरे आणि खेळणी वर्षभर खपतात.

असे हक्क बहुधा मुदतीने बांधलेले असतात. ठरलेल्या काळात चित्रपट सुरू झाला नाही, तर ते मूळ मालकाकडे परततात. मार्व्हलच्याच डेअरडेव्हिल या पात्राचे हक्क फॉक्स या स्टुडिओकडून मार्व्हलकडे परत आले, ते याच कारणाने.

प्रश्न : मी चितारलेल्या कॉमिक्समधील एका पात्रावर निर्मात्याला वेब मालिका करायची आहे. ‘सर्व हक्क कायमचे’ असे लिहून मागत आहेत. द्यावेत का? (एक चित्रकार, नाशिक)

उत्तर : माझे स्पष्ट मत, देऊ नयेत. सुपरमॅनच्या दोन्ही तरुण जनकांनी, जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी, 1938 मध्ये 130 डॉलर्सवर सारे हक्क लिहून दिले. त्यांना सन्माननीय निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी 1975 उजाडावे लागले. तेवढ्या काळात त्या पात्रावर इतरांनी किती कमावले असेल, याचा विचार करावा.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा कलाकृती घडवणाऱ्याला बरेच संरक्षण देतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल, तर केवळ भारत, असे मानले जाते. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर वेगळे काही ठरलेले नसल्यास हस्तांतरण रद्द झाले असे समजतात. मात्र ‘कायमचे, जगभर’ असे शब्द करारात आले, की यातील बहुतेक आधार हातातून निसटतो. शिवाय आपण पगारी नोकरीत असताना त्या कामाचा भाग म्हणून हे पात्र चितारले असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क मालकाचाच ठरतो. हे आधी तपासून घ्यावे.

तेव्हा निर्मात्याला फक्त मालिकेचा हक्क ठरावीक वर्षांसाठी द्यावा आणि टी-शर्ट, खेळणी, गेम यांचे हक्क आपल्याकडे राखून ठेवल्याचे नाव घेऊन लिहावे. निर्माता त्यांच्यासाठीही आग्रही असेल, तर त्या विक्रीतील आपला टक्का निव्वळ नफ्यावर नव्हे, तर एकूण उत्पन्नावर मागावा, कारण नफ्याच्या हिशेबात निर्मात्याचे खर्च आधी वजा होतात.