पोर्टलंडला येण्याआधी: ड्रग्जच्या कायद्याबद्दल

ताई, मिस्टरांना हिल्सबरोला नोकरी मिळतेय, मुलगा नववीत, आणि अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने ड्रग्ज मोकळी केल्यावर व्यसन कमी झालं की वाढलं, असं तुम्ही विचारलंय.

मुळात विक्री कधीच मोकळी नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी मत देऊन 'मेझर ११०' हा कायदा मंजूर केला, तो १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. स्वतःपुरता माल सापडला तर अटक नाही, फक्त १०० डॉलर दंड. हेल्पलाइनला फोन केला की तोही माफ. फोन मोजक्यांनीच केले, बहुतेकांनी दंडही भरला नाही. उपचारांसाठी गांजाच्या करातून यायचा पैसा संस्थांना मिळेपर्यंत वर्ष उलटून गेलं. पोलीस बाजूला झाले, पण डॉक्टर यायचेच होते. नेमकं त्याच वेळी फेंटानिल, म्हणजे अगदी थोड्या मात्रेतही जीवघेणं ठरणारं अफूसारखं कृत्रिम ड्रग, आलं.

लोक लगेच पोर्तुगालचा दाखला देतात. तिथे २००१ पासून दहा दिवसांपुरता साठा हा फौजदारी गुन्हा नाही, पण पकडलेल्या माणसाला त्यासाठी नेमलेल्या आयोगासमोर जावं लागतं. जोडीला मेथाडोन (हेरॉइनचं व्यसन सोडवायला देतात ते औषध), इंजेक्शनच्या स्वच्छ सुया, उपचार. एचआयव्हीची लागण घटली ती या जोडीमुळे, असं मला वाटतं. नुसता कायदा सैल करून व्यसन सुटत नाही.

पण इथल्या ओव्हरडोसने झालेल्या मृत्यूंचं सगळं खापर कायद्यावर फोडणंही पटत नाही. एका अभ्यासात कायदा आणि मृत्यू यांचा संबंध दिसला, फेंटानिल कधी पसरलं हे हिशेबात धरणाऱ्या दुसऱ्यात दिसला नाही. असो, १ सप्टेंबर २०२४ पासून ड्रग्ज बाळगणं पुन्हा गुन्हा आहे.

आता तुमच्यापुरतं. हिल्सबरो, बीव्हर्टन ही उपनगरं; बातम्यांत दिसतं ते मुख्यतः पोर्टलंड डाउनटाउन. मला मुलाची काळजी फुटपाथमुळे नाही, फोनमुळे वाटते. सोशल मीडियावरून विकल्या जाणाऱ्या, औषधासारख्याच दिसणाऱ्या बनावट गोळ्यांत फेंटानिल असतं, आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. नालोक्झोनचा, म्हणजे अशा ओव्हरडोसवरच्या उताऱ्याचा, नाकात मारायचा स्प्रे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, घरात ठेवा.

आणि गांजा! एकविसाव्या वर्षानंतर इथे दुकानात राजरोस मिळतो, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात तो अजून बेकायदेशीर आहे. आपण एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्याच्या कुटुंबाचा) वाले. व्हिसाच्या मुलाखतीत किंवा विमानतळावर 'एकदा ओढला होता' एवढं कबूल केलं तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. हे मिस्टरांनाही सांगा; ऑफिसच्या पार्टीत कोणीतरी हमखास पुढे करतं.