'रडका विलो' नव्हे, वाळुंज

प्रश्न असा आलाय: "थांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) चिनी कवितांच्या मराठी अनुवादात 'रडणारा विलो' सारखा भेटतो. याला मराठी शब्द आहे का? आणि याला निसर्गप्रतिमा म्हणावं की प्रतीक?"

एकाने तर 'रडका विलो' लिहिलेलं पाहिलंय. शाळेच्या पहिल्या दिवशीचं पोरच जणू! चिनी भाषेत हे झाड अजिबात रडत नाही. त्याचं नाव 'लिऊ', आणि लोंबत्या फांद्यांचा तो 'छ्वेइ-लिऊ'. छ्वेइ म्हणजे खाली लोंबणं, बस्स. रडणं आहे ते इंग्रजी नावातलं, आणि आपण ते उचलून चिनी कवीच्या तोंडी घातलं. त्यात वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये या चीनच्या झाडाला 'बॅबिलोनिका' म्हणून घोळ वाढवला. बायबलच्या १३७व्या स्तोत्रात देशोधडीला लागलेले यहुदी बॅबिलोनच्या नद्यांकाठी रडतात, झाडांना वाद्यं टांगतात. ती झाडं हीच, असा समज. ती बहुधा पॉप्लरच्या जातीची होती. आणि तिथेही रडतात ती माणसं!

खरी गंमत 'लिऊ'त आहे. एका सुरात म्हटलं तर हे झाड, दुसऱ्या सुरात म्हटलं तर थांबणं, ठेवून घेणं. दोन्हींच्या चिनी अक्षरांत उच्चार सुचवणारा अवयवही एकच. म्हणून थांग राजधानी छांगआनच्या पूर्वेला बा नदीच्या पुलापर्यंत पाहुण्याला पोचवायला जायचं आणि लिऊची डहाळी मोडून त्याच्या हाती द्यायची. 'राहा ना' हे तोंडाने म्हणावंच लागत नाही. (डहाळी ओल्या मातीत खोचली की कुठेही जगते, हेही त्यांना ठाऊक होतंच.) थांग कवी वांग वेइच्या एका कवितेत त्याचा मित्र दूर पश्चिमेला आनशीला निघालाय. सकाळच्या पावसाने धूळ बसलीय, सरायीपाशी लिऊ हिरवेगार. मग कवी म्हणतो, अजून एक प्याला घे. पण त्याच्याआधी झाडाने आग्रह करून झालेला असतो.

याला प्रतीक म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. प्रतीक दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभं असतं. हा लिऊ सरायीपाशी खरोखरच उभा आहे. प्रतिमा म्हणा.

आता मराठी शब्द. तो आहे, आणि अनुवादक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत: वाळुंज. सह्याद्रीत ओढ्यानदीकाठी वाढणारं, विलोच्याच कुळातलं झाड. या नावाची गावं आहेत, आडनावं आहेत, तरी आपल्याला 'विलो'च हवा! 'वाळूत वाढतं म्हणून वाळुंज' असं काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. मग 'ज'च्या आधीचा अनुस्वार कुठून टपकला, ते मात्र सांगत नाहीत. माझं मत वेगळं आहे, पटलं तर घ्या. अमरकोशात वेतस या पाण्याकाठच्या झाडाच्या नावांत 'वानीर'शेजारी 'वञ्जुल' बसलाय, आणि वैद्यमंडळी जलवेतस म्हणून बहुतेकदा वाळुंजाकडेच बोट दाखवतात. वंजुळ म्हणून पाहा, आता 'ज' आणि 'ळ' यांची अदलाबदल करा. नुकसानचं नुसकान, मतलबचं मतबल करणाऱ्या आपल्या जिभेला हे काय जड? वंजुळचा वाळुंज झाला, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. 'वंजुल म्हणजे अशोक' असं कोश दाखवून मला गप्प करणारेही भेटतात. कोशात तोही अर्थ आहे, कबूल. पण अशोकाला नदीकाठाची काय गरज?

गीतगोविंदात जयदेवाने वंजुळ कुठे लावलाय बघा: 'यमुनाजलकूले', तिथे 'मञ्जुलवञ्जुलकुञ्जगतं'. त्या कुंजात शिरलेल्या हरीचं वस्त्र एक गोपी हाताने मागे खेचते, 'विचकर्ष करेण दुकूले'. इकडे यमुनाकाठी वस्त्र धरून थांबवणं, तिकडे बा नदीकाठी डहाळी देऊन थांबवणं, आणि दोन्हीकडे (माझं खरं असेल तर) झाड एकाच कुळातलं! दोघांची एकमेकांना गंधवार्ताही नसणार.

हां, प्रश्न अनुवादाचा होता. 'लोंबता वाळुंज' लिहा. 'लिऊ'वरचा श्लेष मराठीत येणार नाही. तेवढी एक तळटीप द्या.